पिंजऱ्याआधी गोठा बंदिस्त करा

मा. संपादक,

दारणाकाठ, निफाड, सिन्नर, दिंडोरी या सगळ्या पट्ट्यात बिबट्याला आजही ‘वाघ’च म्हणतात. पट्टेरी वाघाची नाशिक जिल्ह्यात वस्ती नाही, तरी मळ्यात ओरड होते ती ‘वाघ आला’ अशीच, आणि लगेच मागणी येते, ‘पिंजरा लावा’. मागणी करणाऱ्यांची भीती खरी आहे. 2020 साली दारणाकाठच्या गावांनी लागोपाठ माणसे गमावली, लहान मुले गमावली. त्या आईबापांना कुणी सहजीवनाचे धडे देऊ नयेत. पण पिंजरा काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे नीट समजून न घेतल्यामुळे पुढची माणसे दगावण्याचा धोका वाढतो. म्हणून हे पत्र.

बिबट्या जंगल सोडून गावात आला, असे म्हणण्यात आता अर्थ नाही. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लागतो आणि 16 ते 18 महिने उभा राहतो. बिबट्याची मादी साधारण तीन महिन्यांत विते, एका वेळी दोन-तीन बछडे देते आणि वर्ष-दीड वर्ष त्यांना सोबत ठेवते. म्हणजे एकाच फडात एक अख्खी पिढी वाढून मोठी होऊ शकते. या जनावराला ऊस हेच घर आहे. शेजारच्या अकोले तालुक्यात कॅमेरे लावून केलेला अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. जंगल नावाला नाही अशा त्या बागायती पट्ट्यात 100 चौरस किलोमीटरला जवळपास 5 प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या विष्ठेच्या तपासणीत तर डोळे उघडणारी गोष्ट दिसली. खाद्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा होता, 39 टक्के. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या सातपट, तरी त्यांचा वाटा 11 टक्केच. कारण शेळी बहुधा रात्री कोंडलेली असते आणि कुत्रा मोकळा फिरतो. जे कोंडलेले नाही ते बिबट्या उचलतो. आमच्या मते सगळ्या उपायांचा पाया हाच आहे.

आता पिंजऱ्याविषयी. पिंजऱ्याच्या मागच्या कप्प्यात शेळी असते, पुढे पाय पडला की दार पडते. त्यात कोण सापडेल हे पिंजरा ठरवत नाही. हल्ला करणारा एक असतो आणि सापडतो दुसराच, तिथून सहज जाणारा. पकडलेला निघून गेला की त्याची जागा रिकामी होते आणि स्वतःचा इलाका नसलेला तरुण नर तिथे येतो. त्याला गावाच्या वाटा माहीत नसतात, माणसांच्या वेळा माहीत नसतात. मादी पकडली गेली तर सहा-आठ महिन्यांचे बछडे मागे राहतात. त्यांना धड शिकार येत नाही, मग ते वस्तीभोवती घुटमळू लागतात. जुन्नरचा अनुभव तर लेखी आहे. 2001 ते 2003 या काळात तिथे शंभरावर बिबटे पकडले गेले आणि त्यांतले बरेच दूर नेऊन सोडले. आधीच्या वर्षांत माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते, ते या काळात 17 वर गेले. केंद्राच्या 2011 च्या मार्गदर्शक सूचना दूर नेऊन सोडण्याच्या विरोधात आहेत, त्या याच अनुभवामुळे.

माणसावर हल्ला झाला असेल तर तो बिबट्या पकडलाच पाहिजे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. मात्र तोच पकडायचा असेल तर आधी त्याची ओळख पटवावी लागते. कॅमेऱ्यात अंगावरच्या ठिपक्यांची रचना टिपता येते, ती प्रत्येकाची वेगळी असते. मृताच्या जखमांवरची लाळ शवविच्छेदनाच्या वेळी, जखमा धुण्याआधी, घेतली तर हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रासारख्या प्रयोगशाळेत डीएनए जुळवता येतो. इथेच चूक होते. गडबडीत मृतदेह स्वच्छ केला जातो आणि पुरावा वाहून जातो. जखमी माणसाच्या बाबतीत मात्र उलट करायचे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची, हळद-चुना काही भरायचे नाही, आणि थेट रुग्णालय गाठायचे. रेबीजची लस आणि जखमेत देण्याचे इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही मागून घ्यायचे. नुसत्या धनुर्वाताच्या इंजेक्शनवर घरी पाठवले तर परतू नये.

गोठ्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण यावर कुणी बोलत नाही. आपल्याकडे शेळ्यांचा वाडा म्हणजे तुराट्यांचा कूड, शेडनेट किंवा कोंबड्यांची षटकोनी जाळी आणि वर दगड ठेवलेले पत्रे. बिबट्या कूड पंजाने उसकटतो, कोंबडीची जाळी दाताने फाडतो आणि सुटा पत्रा डोक्याने उचलून आत उतरतो. सहा-सात फुटी भिंतीचा त्याला अडसर नाही, उडी मारून तो माथा धरतो. म्हणून छत नसलेला वाडा कितीही उंच असला तरी उघडाच समजावा. आणि एकदा आत शिरला की कोंडलेल्या शेळ्या सैरावैरा पळतात, तो पळणाऱ्या प्रत्येकीवर झडप घालतो. खातो एक, मारतो आठ.

दहा-बारा शेळ्यांसाठी 10 बाय 12 फुटांचा वाडा पुरतो. उंची 7 फूट. लोखंडी अँगलचे आठ खांब, साधारण साडेपाच फुटांवर एक, दीड-दोन फूट खोल काँक्रीटमध्ये रोवलेले. जाळी चेनलिंकची, 10 गेजची म्हणजे सव्वातीन मिलिमीटर तारेची, भोक दोन इंचांपेक्षा मोठे नको. चारी बाजूंना सुमारे 308 चौरस फूट, पत्र्याखाली छताला 120, आणि तळाशी जमिनीत एक फूट गाडायला 44, म्हणजे एकूण 472 चौरस फूट जाळी धरावी. तळाची जाळी गाडून वर दगड दाबायचे, नाहीतर तो उकरून शिरतो. पत्रे हुकबोल्टने आवळायचे. दार लोखंडी चौकटीचे, बाहेर उघडणारे, वर आणि खाली दोन कड्या. खालची कडी बहुतेक ठिकाणी नसते, त्यामुळे दाराचा खालचा कोपरा वाकतो आणि तिथून पंजा आत जातो. जाळी खांबाला बांधताना पातळ बाइंडिंग तार वापरू नये, पट्टी लावून नटबोल्ट घ्यावेत. रात्री जाळीला लागून शेळ्या बसतात आणि बाहेरून ओरबाडल्या जातात, म्हणून आतल्या बाजूने दोन-अडीच फूट उंचीपर्यंत फरशी किंवा फळी लावावी. राखणीचा कुत्रा बाहेर साखळीला बांधून ठेवू नका. त्याला पळता येत नाही आणि त्याच्या भुंकण्याने बिबट्याला नेमकी जागा कळते. त्यालाही आत घ्या. रात्रभर एकाच जागी जळणाऱ्या दिव्याला बिबट्या आठवड्याभरात सरावतो. हालचाल झाली की लागणारा दिवा बरा, त्याचीही जागा मधूनमधून बदलावी.

निफाड-सिन्नरकडे पोल्ट्री शेड खूप आहेत. मेलेल्या कोंबड्या पोत्यात भरून ओढ्यात टाकायची सवय आहे. त्या वासाने कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. पाच-सहा फूट खोल खड्डा, प्रत्येक थरावर चुना आणि माती, वर झाकण, एवढे प्रत्येक शेडवर सक्तीचे करता येईल. नाशिक शहरातही वेगळे काही नाही. नाल्याकाठी टाकलेले मटण-चिकनच्या दुकानांचे अवशेष, त्यावर पोसलेली भटकी कुत्री, आणि गोदावरी-नासर्डीच्या काठची झुडपे धरून आत येणारा बिबट्या. महापालिकेने कुत्र्यांची नसबंदी आणि दुकानांचा कचरा उचलणे ही कामे बिबट्याच्या प्रश्नाचा भाग म्हणून धरली पाहिजेत.

माणसांवर हल्ले बहुतेक दिवेलागणीनंतर किंवा पहाटे होतात, आणि सापडतो तो एकटा, खाली वाकलेला किंवा बसलेला माणूस, नाहीतर मूल. बसलेल्या माणसाची उंची शेळीएवढी दिसते. पिकाला बारे म्हणजे पाणी देताना वाकलेला शेतकरी, प्रातर्विधीला बसलेली बाई, ओट्यावर खेळणारे पोर. त्यामुळे घराला लागून ऊस लावणे थांबवले पाहिजे. घराभोवती निदान 30 फूट पट्टा मोकळा हवा, तिथे भुईमूग, कांदा, मेथी काहीही घ्या. मूल दिसेनासे झाले असे होऊ नये म्हणून अंधार पडल्यावर अंगणातही मोठे माणूस सोबत हवे. रात्री शेतात जाताना दोघे, हातात काठी, मोबाइलवर गाणी मोठ्याने. आवाज आला की तो बहुधा आधीच बाजूला होतो. समोर आलाच तर पाठ फिरवून पळू नका, वाकू नका. हात वर करून मोठे दिसा, ओरडा आणि तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरका.

पण ‘रात्री शेतात जाऊ नका’ हे सांगणे सोपे आहे. शेतीपंपाला थ्री-फेज वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच मिळत असेल तर शेतकऱ्याने पाणी द्यायचे कधी? मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत दिवसा विजेचे आश्वासन आहे. ती वीज सगळ्यांत आधी कुठल्या फीडरला (गावाला वीज पुरवणाऱ्या वाहिनीला) द्यायची हे ठरवताना हल्ले झालेल्या गावांची यादी समोर ठेवावी. वन विभाग आणि वीज कंपनी यांनी एका टेबलावर बसून करण्याचे हे काम आहे, आणि आमच्या मते जीव वाचवण्यात ते शंभर पिंजऱ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

ऊसतोड मजुरांचा विचार तर कुणीच करत नाही. त्यांच्या कोप्या म्हणजे झोपड्या फडाच्या कडेला, लेकरे जमिनीवर झोपलेली, उजेड नाही, संडास नाही. ज्यांच्यासाठी ते ऊस तोडतात त्या कारखान्यांनी कोप्यांचा तळ उसापासून दूर मोकळ्या रानात द्यावा, भोवती जाळी, दोन सौर दिवे आणि फिरती शौचालये द्यावीत. तोड घराकडच्या बाजूने सुरू करून ओढ्याकडे न्यावी. चारी बाजूंनी फड आत आत आणला की बिबट्या मधल्या तुकड्यात अडकतो आणि शेवटच्या दिवशी माणसांवर येतो. फड पेटवू तर अजिबात नये, बछडे आतच जळतात.

बछडे दिसले तर तेवढ्या भागातली तोड थांबवा, हात लावू नका, फोटोसाठी मांडीवर घेऊ नका, वन विभागाच्या 1926 या टोल-फ्री क्रमांकावर कळवा. पशुवैद्यक तपासतात, आणि अंधार पडण्याआधी त्याच जागी क्रेटमध्ये बछडे ठेवून कॅमेरा लावला जातो. मादी बहुतेक वेळा त्याच रात्री येऊन एकेक उचलून नेते. जागा शंभर-दोनशे मीटर सरकली किंवा बघे जवळ थांबले की ती येत नाही. पिल्ले हरवलेली मादी त्या रात्री सर्वांत धोकादायक असते, हे गावाने ध्यानात घ्यावे.

विहिरीत पडलेल्या बिबट्याचेही तसेच. आधी दोरांनी बाज खाली सोडायची, तो तिच्यावर बसतो आणि बुडत नाही, मग पिंजरा उतरवायचा. सिन्नरकडच्या बिनकठड्याच्या विहिरींना चार फुटांचा कठडा बांधला तर ही वेळच येणार नाही. बघ्यांची गर्दी हा सगळ्याच बचावकार्यांचा शाप आहे. भुलीचे इंजेक्शन लागल्यावर जनावर लगेच पडत नाही, दहा-पंधरा मिनिटे जातात, आणि त्या वेळात ते बावरून गर्दीत घुसते. पोलिसांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली जमावबंदी लावायची ती भुलीचा डार्ट मारण्याआधी. माणसे जखमी झाल्यावर ती लावून काय उपयोग?

नुकसानभरपाईत एक अडचण नेहमी येते. मेलेले जनावर शेतकरी वासामुळे हलवतो किंवा पुरतो आणि दावा पडतो. 48 तासांच्या आत कळवा, पंचनामा होईपर्यंत जनावर जागेवरच ठेवा, मानेवरचे सुळ्यांचे व्रण आणि आजूबाजूचे ठसे मोबाइलवर टिपून ठेवा, ठसा ओल्या मातीत असेल तर त्यावर घमेले पालथे घाला. शेतकऱ्याला पैसे वेळेवर मिळाले नाहीत तर मेलेल्या शेळीत विष कालवले जाते, हे वन विभागालाही माहीत आहे. त्या विषाने बिबट्यासोबत कुत्री, घारी, मुंगूस सगळेच मरते.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडे आजही वाघबारसेला वाघदेवाची पूजा होते. त्या दिवशी गुराखी देवाला गुरे सांभाळ असे सांगतो, आणि संध्याकाळी गुरे कोंडायला विसरत नाही.

बिबट्यांच्या नसबंदीची चर्चा सध्या बरीच ऐकू येते. ती करायची तर करा, पण तिचा परिणाम दिसायला काही वर्षे जातील. यंदाचा गाळप हंगाम तोवर थांबणार नाही. म्हणून जिल्हा नियोजन समितीला विनंती आहे, की हंगामाआधी बंदिस्त वाड्यांसाठी अनुदान मंजूर करावे आणि लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेत वाचावी. यादी घरांच्या आणि कोप्यांच्या उसापासूनच्या अंतरावर करावी, सर्वांत जवळचे आधी. मळ्यात एकटी वस्ती, घरात दहा वर्षांखालील मूल आणि रात्रीच वीज देणारा फीडर, ही तिन्ही ज्या घरात असतील त्याचे नाव पहिल्या ओळीत घ्यावे.

आपले,
निफाड व सिन्नर तालुक्यांतील काही शेतकरी आणि पशुवैद्यक