रात्रशाळेच्या पोरांना वेळेत सोडा

संपादक साहेब, नमस्कार,

दहावीचा निकाल लागला की पेपरात ९५ टक्केवाल्यांचे फोटो येतात, चांगलंच आहे, पण रात्रशाळेतून पास होणाऱ्यांकडं पण जरा बघा की. आमच्या चाळीखालच्या किराणा दुकानात एक वीस-एकवीस वर्षांचा मुलगा आहे, सकाळी सातला शटर उघडतो, संध्याकाळी सहाला सुट्टी, साडेसहाला शाळा, आणि दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा तांदळाच्या पोत्यावर बसून भूमितीची प्रमेयं पाठ करतो, जुन्या बिलांच्या कोऱ्या बाजूला आकृत्या काढतो. मोबाईल आहे, पण शाळा सुटेपर्यंत खिशातून काढत नाही. मला या शिस्तीचं खरंच फार कौतुक वाटतं.

जोतिबा आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती. आज १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते, नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून नोकरी करत पदवी घेता येते, सोयी आहेत, अडतं ते वेळेपाशी. मालक 'अजून अर्धा तास थांब' म्हणाला की पहिला तास बुडालाच. म्हणून दुकानदार, हॉटेलवाले, ऑफिसवाले सगळ्यांना विनंती, या पोरांना वेळेत सोडा, फेब्रुवारी-मार्चमध्ये ओव्हरटाइम लावू नका. आणि वॉर्डातल्या अभ्यासिका निदान परीक्षेच्या दिवसांत तरी रात्री बारापर्यंत उघड्या ठेवा, दहाला कुलूप लागलं तर साडेनऊला शाळेतून सुटलेल्यानं बसायचं कुठं?

— एक वाचक, परळ, मुंबई