आधी आठ फुटांचा पिंजरा, मग बोआ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरी पाळल्या जाणाऱ्या बोआ कन्स्ट्रिक्टर या परदेशी सापाचं पिल्लू जन्मतः जेमतेम दीड फुटाचं असतं. माशांच्या दोन फुटी टाकीत ते सहज मावतं, म्हणून अनेकदा टाकीच घेतली जाते. तीन-चार वर्षांत तोच साप सहा फुटांच्या आसपास पोचतो, मादी सात-आठ फुटांची होते आणि वीस-पंचवीस वर्षं जगते. ‘साप काय, वेटोळं घालूनच तर बसतो’ ही समजूत त्याच्या जिवावर बेतते. बोआ अंग पूर्ण ताणतो, फांदीवर चढतो. त्याला ते करता आलं नाही, तर चरबी चढते आणि स्नायू ढिले पडतात. म्हणून पिंजऱ्याचं माप मोठ्या सापाचं धरावं : ८ फूट लांब, ३ फूट रुंद, ३ फूट उंच. पिल्लाला पहिलं वर्ष छोटी पेटी चालते, पण मोठ्या पिंजऱ्याची जागा आणि पैसा आधीच बाजूला काढलेला हवा.

काचेची टाकी यासाठी नकोच. जाळीच्या झाकणातून ऊब आणि ओल निघून जाते. चारही बाजू पारदर्शक असल्याने साप बिथरतो आणि झाकण डोक्याने रेटून बाहेर पडतो. प्लायवूड आपल्या पावसाळ्यात कडेने फुगतं. १८ मिमीचा पीव्हीसी फोम बोर्ड उत्तम. ८ बाय ४ फुटांच्या चार शीट पुरतात. तीन शीटमधून तळ, छत आणि पाठ निघते, चौथीतून दोन्ही बाजू. उरलेल्या फूटभर पट्ट्यांतून दर्शनी उंबरा होतो. या बोर्डात नुसता स्क्रू धरत नाही, कोपऱ्यांना आतून ॲल्युमिनियमचा अँगल लावावा. आठ फुटांचं छत मध्यभागी झोळ खातं, तिथे उभा टेकू हवाच. जोडणी त्याच खोलीत करावी. तयार पिंजरा फ्लॅटच्या जिन्यातून वळत नाही. सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत साप आत सोडू नये.

समोर ५ मिमीच्या टफन काचेची दोन सरकती दारं बसवावीत. टफन काच नंतर कापता येत नाही, म्हणून काच सरकण्याचं चॅनल बसल्यावरच माप द्यावं. शोकेसला लावतात ते कुलूप रोज लावायचंच, कारण साप नाकाने रेटून काच सरकवतो. हवेसाठी एका टोकाला खाली आणि दुसऱ्या टोकाला वर भोकं पाडून आतून गुळगुळीत छिद्रांचा स्टील पत्रा लावावा. तारेच्या जाळीवर नाक घासून साप जखम करून घेतो आणि ती चिघळते.

उबेसाठी सिरॅमिक हीटर (उजेड न देता फक्त ऊब देणारा, बल्बसारखा), पॉर्सेलेनच्या होल्डरमध्ये, आणि त्याभोवती साप शिरणार नाही असा पिंजरा. तापणारे कृत्रिम दगड नकोत, त्यांनी पोट भाजतं आणि साप तरी तिथून हलत नाही. उबदार टोक ३१ ते ३३ अंश, थंड टोक २५ ते २७ अंश. तापमान आपोआप राखणारा थर्मोस्टॅट नसेल तर हीटर लावूच नये. दोन्ही टोकांना अंग दाबून बसेल अशी एकेक लपण्याची पेटी द्यावी, नाहीतर साप ऊब आणि आडोसा यांपैकी एकच निवडतो.

परदेशी पुस्तकांतली मापं इथे तपासून घ्यावी लागतात. पुणे-नाशिकच्या थंडीत हीटर रात्रभर लागतो. विदर्भातल्या मे महिन्यात तो बंद ठेवून उलट खोली थंड करावी लागते. कोकणच्या पावसाळ्यात तळाचा नारळाचा भुसा ओला राहिला, तर पोटाच्या खवल्यांवर फोड येतात, म्हणून त्या दिवसांत कोरे कागद अंथरावेत आणि पाण्याचं टब थंड टोकाला ठेवावं. देवदाराचा भुसा कधीच नको, त्याचा उग्र तेलकट वास सापाच्या श्वसनाला बाधतो. आणि सर्वांत महत्त्वाचं, पिंजरा फिनाईलने पुसू नये. ते सापांना विषारी असतं. पातळ ब्लीच वापरून भरपूर पाण्याने धुवावं आणि पूर्ण वाळू द्यावं.

देशी अजगर पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. बोआसारख्या परदेशी सापाची नोंद २०२४ च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. त्याचा जन्म, मृत्यू किंवा हस्तांतरही कळवावं लागतं. विक्रेत्यांना कळकळीची विनंती आहे : पिल्लू हातात देण्यापूर्वी ग्राहकाला दुकानाच्या फरशीवर खडूने ८ बाय ३ फुटांची चौकट आखून दाखवा. एवढी जागा घरात नाही असं तो म्हणाला, तर त्याला पिल्लू देऊ नका.

— एक सर्प-अभ्यासक, पुणे