‘इथून पुढे’ या बटणासाठी

आदरणीय काका,
सा. न.

नाव कुठे छापू नकोस, असं तुम्ही बजावलं होतंत. ते पाळते आहे. पण आभार मला चारचौघांत मानायचे आहेत, कारण तुम्ही केलेल्या कामाचा फायदा ज्या मुलांना होणार आहे, त्यांची आणि तुमची गाठ बहुधा कधी पडणार नाही.

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर, ४५ मीटर व्यासाच्या त्या ३० अँटेनांवर, तुम्ही कित्येक वर्षं रात्रपाळ्या केल्यात. आम्ही चौघं पुण्यात बसून विद्यार्थ्यांसाठी निरीक्षणाच्या नियोजनाचं सॉफ्टवेअर लिहीत होतो. आकाशातला कोणता रेडिओ स्रोत किती वाजता वर येतो, कॅलिब्रेटर (मोजमाप पडताळायला वापरायचा ओळखीचा स्रोत) कधी घ्यायचा, मिळालेल्या सहा तासांत काय काय बसतं, एवढं त्यानं सांगावं, अशी अपेक्षा. ‘जरा वापरून बघाल का?’ असं विचारत आम्ही नारायणगावला तुमच्या घरी आलो, तेव्हा तुम्हाला निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं.

पहिल्या दिवशी तुम्ही लॅपटॉपसमोर बसलात आणि मी शेजारी खुर्ची ओढून बोलत सुटले. काका, वरचं बटण. काका, आता तारीख. दहा मिनिटं तुम्ही ऐकून घेतलंत. मग चष्मा काढून म्हणालात, “अगं, रात्री दोनला तू असणार आहेस का शेजारी?”

युजर टेस्टिंग करताना बघणाऱ्यानं गप्प राहावं, हे मी वाचलेलं होतं. पण वही घेऊन मी मागे दाराशी जाऊन बसले, ती तुमच्या त्या प्रश्नानंतर.

मग तुम्ही १५ तारखेच्या पहाटे २ वाजताचं निरीक्षण आखायला घेतलंत. आमचं सॉफ्टवेअर आतून यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतं आणि आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपली १५ तारखेची पहाट तिकडे १४ तारखेच्या रात्रीचे साडेआठ. आम्ही वेळ बदलून घेत होतो, तारीख मात्र तशीच राहत होती, त्यामुळे सगळं नियोजन १६ तारखेच्या पहाटेवर जाऊन पडायचं. हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. येणार तरी कसं? तारे रोज साधारण ४ मिनिटंच लवकर उगवतात, त्यामुळे दोन लागोपाठच्या दिवसांचे आलेख शेजारी ठेवले तरी सारखेच दिसतात. तुम्ही माउसला हात लावण्याआधी वहीत नाक्षत्र वेळ, म्हणजे ताऱ्यांच्या फिरण्यावरून मोजलेली वेळ, मांडलीत, पडद्याकडे पाहिलंत आणि विचारलंत, “ही चार मिनिटं कुठे गेली?” त्या चार मिनिटांच्या मागे जाता जाता आम्हाला अख्खा दिवस चुकलेला सापडला. प्रत्यक्षात हे झालं असतं, तर एखाद्या मुलीची निरीक्षणाची रात्र हातची गेली असती. दुर्बिणीच्या वेळेसाठी अर्जांच्या फेऱ्या वर्षाला दोनच असतात. पुन्हा अर्ज, पुन्हा वाट पाहणं.

कॅलिब्रेटरचंही तसंच. आमच्या यादीत ३सी-२८६ हा स्रोत आपोआप निवडलेला यायचा, कारण सगळे तोच वापरतात, असं आम्हाला वाटे. तुम्ही सावकाश समजावलंत. अँटेना क्षितिजापासून १७ अंशांच्या खाली झुकत नाहीत. ३सी-४८ हा दुसरा कॅलिब्रेटर त्या रेषेखाली गेल्यावर ३सी-२८६ वर यायला अजून तासाभराचा अवकाश असतो, आणि त्या फटीत निरीक्षण संपत असेल तर शेवटचा कॅलिब्रेटर ३सी-१४७ घ्यावा लागतो. हे तुम्हाला तोंडपाठ होतं. सॉफ्टवेअरला आता ते ठाऊक झालंय.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो तुमचा पंचा. एका स्रोतावरून दुसऱ्यावर जाताना आमचा प्रोग्राम नेहमी जवळचा वळसा धरायचा. तुम्ही खांद्यावरचा पंचा काढून मनगटाभोवती गुंडाळलात आणि हात फिरवत गेलात, पार आवळेपर्यंत. “केबल आहे आत. अँटेना एकाच बाजूला गरागरा फिरत नाही.” कधी कधी १०० अंश जायला उलटे २६० अंश फिरावं लागतं. मिनिटाला साधारण ३० अंशांचा वेग धरला, तर सव्वातीन मिनिटांच्या जागी पावणेनऊ मिनिटं. आमच्या नियोजनात ही मिनिटं धरलेलीच नव्हती, आणि रात्रभरात अशी बरीच साठतात. इतकी वर्षं यंत्र हाताळलेल्या माणसालाच हे असं हातानं दाखवता येतं, असं मला मनापासून वाटतं.

आणि मग वारा. तुम्ही सहज विचारलंत, “मध्येच वारा सुटला तर?” वारा फार वाढला की अँटेना आकाशाकडे तोंड करून थांबवून ठेवाव्या लागतात, हे आम्हाला माहीत होतं. पण वारा पडल्यावर पुढे काय, याचा विचार आम्ही केला नव्हता. तोवर स्रोत पुढे सरकलेला असतो. नियोजन पहिल्यापासून लावून चालत नाही आणि अडलं तिथून जसंच्या तसं उचलूनही चालत नाही. उरलेला वेळ, उरलेलं आकाश आणि जवळचा कॅलिब्रेटर बघून पुन्हा मांडावं लागतं, तेही पहाटे तीनला, ताटकळलेल्या विद्यार्थ्यासमोर. तुम्ही वहीच्या कोपऱ्यात एक चौकोन काढलात आणि आत लिहिलंत : इथून पुढे. म्हणालात, “एवढं एक बटण द्या.”

ते लिहायला आम्हाला सात आठवडे लागले. बाकीचा सगळा पडदा इंग्रजीत आहे, त्या बटणावर मात्र तुमचेच दोन शब्द ठेवलेत. सोबत्यांनीही एका शब्दानं हरकत घेतली नाही.

पाच शनिवार तुम्ही आम्हाला दिलेत. काकूंनी दर वेळी जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

पंचा माझ्याकडेच राहिलाय. केबलचं प्रकरण ऑफिसात समजावून सांगायला घेऊन आले होते, तेव्हापासून खुर्चीच्या पाठीवर आहे. धुऊन, घडी करून दिवाळीत घेऊन येते. नवीन आवृत्तीही आणते. तुम्ही बसा, मी दाराशी बसेन.

तुमची,
दाराशी बसून लिहून घेणारी