गुलामांची गणती, मालकांच्या जागा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेच्या राज्यघटनेवरील आपल्या लेखमालेचा पहिला भाग वाचला. लेख मेहनतीने लिहिलेला आहे. मात्र त्यातले एक विधान फार खटकले, म्हणून हे पत्र. 'या घटनेने काळ्या माणसाला तीन पंचमांश माणूस ठरवले', असे लेखात म्हटले आहे. आपल्याकडे हे वाक्य सर्रास ऐकू येते आणि त्यामागचा संताप रास्तच आहे. पण ते वाचून समज असा होतो की गुलामांना पूर्ण मोजले असते तर त्यांना न्याय मिळाला असता आणि दक्षिणेतल्या मालकांना तेच नको होते. प्रत्यक्षात घडले ते नेमके उलट.

मुळात तीन पंचमांशाचे हे कलम, म्हणजे पाच गुलाम तीन माणसांइतके मोजण्याचे, गुलामांपुरते होते. स्वतंत्र काळी माणसे पूर्णच मोजली जात. आणि गुलामांना पूर्ण मोजा, हा आग्रह मालकांचाच होता. 1787 च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात घटना परिषद भरली, तेव्हा प्रतिनिधिगृहात, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, कोणत्या राज्याला किती जागा द्यायच्या हे लोकसंख्येवर ठरायचे होते. 11 जुलैला दक्षिण कॅरोलिनाचे पिअर्स बटलर आणि चार्ल्स कोट्सवर्थ पिंकनी यांनी मागणी केली की गुलाम गोऱ्यांच्या बरोबरीने मोजले जावेत. ज्यांना मत नाही, ज्यांच्या लग्नाला कायद्याची मान्यता नाही, ज्यांची पोटची मुले बाजारात विकली जातात, त्यांच्या डोक्यांवर यांना जागा हव्या होत्या. सूचना 7 विरुद्ध 3 राज्यांनी फेटाळली गेली. मग आधीपासून चर्चेत असलेल्या तीन पंचमांशावर तडजोड झाली. हा अपूर्णांक 1783 मधल्या कराच्या एका प्रस्तावातून आला होता. तेव्हा प्रश्न पैसे भरण्याचा होता आणि दक्षिणेला गुलाम जितके कमी मोजले जातील तितके हवे होते! चार वर्षांत माणसे तीच राहिली, फक्त देणे जाऊन घेणे आले.

त्या परिषदेत हे कोणाला दिसत नव्हते असे नाही. 8 ऑगस्टला पेन्सिल्व्हेनियाचे प्रतिनिधी गव्हर्नर मॉरिस (गव्हर्नर हे त्यांचे नाव, पद नव्हे) उठले आणि त्यांनी सरळ विचारले: गुलाम माणसे आहेत का? मग त्यांना नागरिक करा, मत द्या. ती मालमत्ता आहे का? मग दुसरी कोणतीच मालमत्ता का मोजत नाही? पुढे ते म्हणाले की जॉर्जिया वा दक्षिण कॅरोलिनाचा रहिवासी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जातो, माणसांना त्यांच्या जिवलगांपासून ओढून आणतो, गुलामीत ढकलतो, आणि मानवी हक्कांच्या रक्षणासाठी स्थापलेल्या राज्यात त्याला जास्त मते, तर ज्याला या धंद्याची किळस येते त्या पेन्सिल्व्हेनियाच्या नागरिकाला कमी. फक्त स्वतंत्र रहिवासी मोजावेत, अशी दुरुस्ती त्यांनी मांडली. तिच्या बाजूने एकटे न्यू जर्सी उभे राहिले, 10 राज्ये विरोधात गेली. त्यांत मॉरिस यांचे स्वतःचे राज्यही होते.

या मतदानाची किंमत काय झाली, ते 1790 च्या पहिल्या जनगणनेत दिसते. व्हर्जिनियाची लोकसंख्या 7,47,610 होती आणि त्यांतले 2,92,627 गुलाम होते. स्वतंत्र माणसे उरली 4,54,983. पेन्सिल्व्हेनियात एकूण 4,34,373 लोक, गुलाम फक्त 3,737. म्हणजे स्वतंत्र माणसांचा फरक जेमतेम 24 हजारांचा. 33,000 ला एक जागा या हिशेबाने गुलाम वगळले असते तर दोन्ही राज्यांना 13-13 जागा येत होत्या. प्रत्यक्षात पेन्सिल्व्हेनियाला 13 मिळाल्या आणि व्हर्जिनियाला 19. त्या वरच्या 6 जागांवर बसलेला एकही माणूस त्या पावणेतीन लाखांहून अधिक जीवांच्या वतीने बोलणार नव्हता. तो बोलणार होता त्यांच्या मालकांच्या वतीने.

अध्यक्ष निवडणाऱ्या मंडळातही हेच घडले, कारण प्रत्येक राज्याची तिथली मते प्रतिनिधिगृह आणि सिनेट यांतल्या जागांच्या बेरजेइतकी. 1800 च्या निवडणुकीत जेफरसन यांना 73 आणि जॉन ॲडम्स यांना 65 मते पडली. अंतर 8 चे. व्हर्जिनिया आणि दक्षिण कॅरोलिना या दोन राज्यांची सगळी मते जेफरसन यांना गेली होती, आणि त्यांत गुलामांच्या गणतीतून आलेली मते 6 अधिक 2, म्हणजे तितकीच. 1830 मध्ये चेरोकी आणि इतर आदिवासींना त्यांच्या भूमीवरून हुसकावण्याचा कायदा प्रतिनिधिगृहात 102 विरुद्ध 97 असा मंजूर झाला. त्या वेळी अशा जादा जागा वीसहून अधिक होत्या.

लेखात पुढे गुलामगिरी 1865 मध्ये संपल्यावर हा अन्याय दूर झाला, असे सूचित केले आहे. हे मला त्याहून अधिक खटकले. 1868 च्या 14व्या घटनादुरुस्तीने पूर्वीच्या गुलामांचीही पूर्ण गणती सुरू झाली. मतदानापासून पुरुषांना वंचित ठेवणाऱ्या राज्याच्या जागा त्या प्रमाणात कमी कराव्यात, अशी तरतूद तिच्या दुसऱ्या कलमात आहे. काही वर्षे काळ्या पुरुषांनी खरोखर मतदान केले, मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स 1870 मध्ये सिनेटवर गेले. जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली ती याच काळात. पण 1890 मध्ये मिसिसिपीने नवी राज्यघटना केली, मतदारावर डोईपट्टी लादली, वाचनाची परीक्षा लावली, आणि इतर दक्षिणी राज्ये त्याच वाटेने गेली. मिसिसिपीत निम्म्याहून अधिक असलेले काळे लोक मतदार यादीतून जवळजवळ पुसले गेले, जागा मात्र पूर्ण लोकसंख्येवर मिळत राहिल्या. म्हणजे तीन पंचमांशांऐवजी आता पाच पंचमांश! शिक्षेचे ते कलम आजवर एकाही राज्याला लावलेले नाही. मिसिसिपीतून 1883 नंतर प्रतिनिधिगृहात काळा सदस्य पोचला तो थेट 1987 मध्ये, तोही 1965 चा मताधिकार कायदा झाला म्हणून.

लेखमालेचा पुढचा भाग यादवी युद्धानंतरच्या काळावर आहे, असे आपण जाहीर केले आहे. त्यात 14व्या दुरुस्तीच्या दुसऱ्या कलमाला आणि मिसिसिपीच्या 1890 च्या घटनेला जागा मिळावी, आणि पहिल्या भागातल्या त्या विधानाचा खुलासाही छापावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा