वजन छापलंत, कामाचे तास नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीत अभिनेत्री अविका गोरवरचा लेख वाचला. तिने १३ किलो वजन उतरवलं, तिचं लग्न, तिचे चार फोटो, सगळं आलं. 'बालिका वधू' मालिकेतली तिची आनंदी आमच्या घरी रोज रात्री आठला यायची, म्हणून आवडीने वाचायला घेतला आणि चिडून बाजूला ठेवला.

२००८ च्या जुलैत 'बालिका वधू' सुरू झाली तेव्हा ही मुलगी ११ वर्षांची होती. बालविवाहाविरुद्धची मालिका म्हणून आपण सगळ्यांनी कौतुक केलं, मीही केलं. २०१० मध्ये आनंदी मोठी झाली, भूमिका प्रत्युषा बॅनर्जीकडे गेली. पुढच्याच वर्षी अविका 'ससुराल सिमर का'मध्ये रोली झाली. वय १३, आणि पडद्यावर लग्न, सासर, सून! लेखिकाबाई याला 'झेप' म्हणतात.

माझी मुलगी नऊ वर्षांची असताना सहा महिने एका मालिकेत होती. नायगावचा सेट. सकाळी सातचा कॉल, म्हणजे हजर राहायची वेळ, तिचा सीन लागला रात्री नऊला. आई गेल्याचा सीन. ग्लिसरीनने डोळे लाल झालेले, पोर मेकअपच्या खुर्चीतच झोपली. उद्या तिचा गणिताचा पेपर आहे, असं मी म्हटलं. उत्तर आलं, "ताई, ट्रॅक, सध्याची सगळी गोष्टच, तिच्यावर आहे. जमत नसेल तर दुसरी मुलगी बघतो." मी गप्प बसले. ते गप्प बसणं आजही मला छळतं. शेवटच्या महिन्याचा चेक तर आलाच नाही.

केंद्राच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त राबवता येत नाही, सलग तीन तासांवर तर नाहीच. कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावे लागतात. हे मला माझ्या मुलीचं काम सुटून दोन वर्षं झाल्यावर कळलं. सेटवर कुणी सांगितलं नाही, तुमच्या पुरवणीतही कधी वाचलं नाही. अविकाशी बोलाल तेव्हा कृपया हे विचारा: किती तास उभी असायचीस, शाळेत कधी जायचीस?

आणि त्याच पानाच्या तळाशी 'आपल्या मुलाला मालिकेत झळकवा' ही नोंदणी फी मागणारी जाहिरात होती. ऑडिशनला पैसे द्यायचे नसतात. ती जाहिरात पुढच्या रविवारी घेऊ नका.

एक आई, डोंबिवली