घर परत मिळण्याची मुदत ठरवा

मा. गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

गेल्या मे महिन्यात भर दुपारी नांदेडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन पुण्यात वारज्यातला माझा वन बीएचके बघायला आले. मुलीला हिंजवडीत पहिलीच नोकरी लागली होती. त्यांनी पिशवीतून तिचं ऑफर लेटर काढलं, घडी उलगडून माझ्यापुढे धरलं. "ताई, भाडं एक दिवस जरी थकलं तरी मला फोन करा." मी "फॅमिलीलाच द्यायचाय" म्हणून त्यांना परत पाठवलं. पाणीसुद्धा विचारलं नाही, याची मला लाज वाटते.

खरं तर त्याआधी मला बुडवलं होतं ते फॅमिलीनंच. करार रीतसर नोंदवलेला, थंब (अंगठ्याचे ठसे) झालेले, पोलीस व्हेरिफिकेशनही केलेलं. सात महिने भाडं वेळेवर आलं. मग पगार अडकला म्हणाले, मग फोन उचलेनात. डिपॉझिट त्यातच संपलं, कराराचे अकरा महिने भरले, तरी ते हलेनात. सोसायटीच्या मेंटेनन्सच्या नोटिसा मात्र माझ्या नावावर. पाणी तोडा, असं चारचौघांनी सुचवलं. कायद्यानं ते करता येत नाही, आणि आत शाळकरी पोर असताना मला ते करवलंही नसतं. मी शिक्षिका होते, साहेब.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ माझ्याच बाजूचा आहे. कलम २४ म्हणतं, लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून घर परत घ्या, मुदतीनंतर राहिलेल्या काळाची भाड्याच्या दुप्पट भरपाई घ्या. अर्ज केल्यापासून किल्ली हातात यायला मला १४ महिने लागले. दुप्पट भरपाई अजून कागदावरच आहे. करार नोंदवला नाही तर कलम ५५ प्रमाणे मला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मी माझं कर्तव्य केलं होतं.

पोलीस व्हेरिफिकेशनमधून गुन्हा कळतो, भाडं देण्याची दानत कळत नाही. म्हणून आम्ही घरमालक आडनाव विचारतो, लग्न विचारतो, कोणत्या गावचे ते विचारतो. हे वाईट आहे. यात भरडली जातात ती पुण्यात शिकायला, नोकरीला आलेली प्रामाणिक मुलं. त्यांना नाकारणाऱ्यांत मीही आहे, आणि त्यामागे १४ महिन्यांची भीती आहे.

केंद्रानं जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याला, म्हणजे राज्यांनी स्वीकारायच्या नमुना कायद्याला, मंजुरी दिली. त्यात असे वाद ६० दिवसांत निकाली काढण्याची तरतूद आहे. निवासी घराचं डिपॉझिटही दोन महिन्यांच्या भाड्यावर नेता येत नाही. यातली दुसरी अट आम्हा घरमालकांना टोचेल. पहिली खरोखर पाळली जाणार असेल तर मला दुसरी आनंदानं मान्य आहे.

मुदत संपलेल्या करारांचे अर्ज ६० दिवसांत निकाली निघतील आणि ताबा मिळेपर्यंत सरकारी माणूस सोबत उभा राहील, अशी सक्तीची तरतूद येत्या अधिवेशनात करावी, ही विनंती. नांदेडच्या त्या गृहस्थांचा नंबर मी अजून जपून ठेवला आहे.

आपली,
वारज्यातील एक निवृत्त शिक्षिका