मंगल फॉन्टमागचे र. कृ. जोशी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला चाकोरीबाहेरच्या ग्राफिक डिझायनर्सवरचा लेख वाचला, आवडलाही. कंटाळवाणी वाटली म्हणून अख्खी मुलाखत वाचता न येणाऱ्या चिन्हांच्या फॉन्टमध्ये छापणारा डेव्हिड कार्सन भारीच. पण पूर्ण लेखात एकही मराठी नाव नाही हे खरंच लागलं. आणि नाव शोधायला लांब जायलाही नको होतं, र. कृ. जोशी.

विंडोजवर मराठी टाइप करणाऱ्या प्रत्येकाने मंगल फॉन्ट पाहिलेला असतो. तो जोशी सरांनी केला. विंडोज 2000 पासून तो मायक्रोसॉफ्टने दिला, आणि गुजरातीचा श्रुती, तेलुगूचा गौतमी, कन्नडचा तुंगा यांच्यामागेही टाइप डायरेक्टर म्हणून त्यांचंच नाव आहे. म्हणजे अर्ध्या देशाची अक्षरं एका मराठी कवीच्या नजरेखालून गेलीत! हो, कवी, लिटल मॅगझिनच्या, म्हणजे प्रस्थापितांबाहेरच्या छोट्या अनियतकालिकांच्या काळातले, अक्षरांची मांडणी हीच कविता अशा कविता करणारे. तो माणूस उल्का अ‍ॅडव्हर्टायझिंगमध्ये आर्ट डायरेक्टर होता, नंतर पवईला आयआयटीच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागात प्राध्यापक, आणि तिथून पुढे, ज्या वयात लोक निवृत्तीचे हिशेब करतात त्या वयात, जुहूच्या एनसीएसटीत, म्हणजे सरकारी सॉफ्टवेअर संशोधन संस्थेत, कॉम्प्युटरवाल्यांबरोबर फॉन्ट करत बसला. अक्षर म्हणजे आधी आवाज, मग आकार, असं मानणारा माणूस थेट सॉफ्टवेअरमध्ये शिरला, याहून चाकोरीबाहेरचं काय असतं मला सांगा.

मी बरीच वर्षं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवायचं काम केलंय म्हणून हे पोटतिडकीने लिहितोय. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच कोड देणाऱ्या पद्धतीच्या आधी श्रीलिपी, आकृती, कृतीदेव असे फॉन्ट होते, प्रत्येकाचं कोडिंग वेगळं, लग्नपत्रिकेची फाइल दुसऱ्याच्या मशीनवर उघडली की नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा, मग पार्टी समोर बसलेली आणि आपण सगळं परत टाइप करतोय. युनिकोड आलं तरी नुसत्या कोडने काही होत नाही, ऱ्हस्व वेलांटी टाइप करायची अक्षरानंतर आणि दिसायला हवी अक्षराच्या आधी, क आणि ष मध्ये हलन्त दिला की क्ष व्हायला हवा, रफार नेमक्या अक्षराच्या डोक्यावर बसायला हवा. हे सगळं फॉन्ट आणि सिस्टिम मिळून करतात आणि त्यासाठी प्रत्येक जोडाक्षराचा आकार कुणीतरी आधी बसून ठरवावा लागतो. तेही तेव्हाच्या जाड काचेच्या मॉनिटरवर, जिथे एका अक्षराला मोजके ठिपके मिळायचे.

आता लोक म्हणतात मंगल दिसायला चांगला नाही, दोन ओळींत अंतर फार सुटतं. अंतर सुटतं हे खरंय, पण वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरं, हे सगळं न कापता मावायला जागा नको का? तो स्क्रीनवर वाचायचा फॉन्ट आहे, मोठ्या बॅनरवर लावून त्याला नावं ठेवणं बरोबर नाही. एक गोष्ट मात्र मलाही खटकते, त्यातले ल आणि श हिंदी वळणाचे आहेत. राज्य सरकारने 6 नोव्हेंबर 2009 च्या जीआरमध्ये मराठी वळणाचे ल आणि श ठरवून दिले, तरी आजही कितीतरी सरकारी पत्रं हिंदी वळणातच निघतात. जीआर आला तेव्हा सर नव्हते, 2008 मध्येच गेले. पुढचं काम आपलं होतं, ते आपण केलं नाही.

अप्लाइड आर्टच्या पोरांशी बोलतो तेव्हा त्यांना परदेशी टाइप डिझायनर पाठ असतात, मंगल कोणी केला विचारलं तर मायक्रोसॉफ्टने म्हणतात. यात पोरांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलंच नाही.

म्हणून विनंती, पुरवणीचं एक पूर्ण पान जोशी सरांच्या अक्षरकवितांना द्या, छोट्या चौकटीत नको, त्या मोठ्याच बघायच्या असतात. आणि त्यांच्यासोबत एनसीएसटीत काम केलेले लोक आहेत, त्यांच्याकडून तेव्हाचं काम कसं चालायचं ते लिहून घ्या, कच्ची स्केचेस मिळाली तर तीही छापा.

आपला,
एक जुना डीटीपीवाला, सांगली